मिस्टर ओडेल यांची करंगळी

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शेजारीपाजारी सांगत राहिल्या, "आमची ग्रेस बहरीनला मालिश करते." सरकारी इस्पितळातली फिजिओथेरपिस्ट, अंगात पांढरा कोट, छातीवर नावाची पट्टी, हे सगळं मी त्यांना फोटो दाखवून समजावलं होतं. फोटो नीट बघून त्या म्हणाल्या, "हो, कोट घालून करते." सुट्टीला वसईला आले की दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर तीन-चार म्हाताऱ्या तेलाची बाटली घेऊन, गुडघे मोकळे करून बसलेल्या असत. मी तेल बाजूला ठेवून त्यांना पाय वरखाली करायला लावले की त्या रागावून उठून जात. फुकटचं मालिश राहिलं बाजूला, ही मेली आम्हांलाच राबवते, अशी माझी ख्याती झाली. ख्याती खोटी नव्हती. आमच्या धंद्यात पेशंटने राबायचं असतं आणि आम्ही त्याच्या डोक्यावर उभं राहून ओरडायचं असतं.

धंदा समजायला अवघड नाही. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतो, तुटलेलं शिवतो, आणि माणूस बरा झाला असं घरच्यांना वाटतं. पण महिनाभर प्लास्टरमध्ये पडलेला हात बाहेर येतो तेव्हा सांधे धरलेले असतात, स्नायू वाळलेले असतात, आणि मुख्य म्हणजे हाताचा मालक घाबरलेला असतो. तो हात पोटाशी धरून बसतो, जसं काही तान्हं मूल आहे. तिथून आमचं काम सुरू होतं. शेकायचं, चोळायचं, हलवायचं, बांधायचं, सोडायचं आणि रोज थोडं थोडं पुढे ढकलायचं. यात औषध नाही, शस्त्र नाही, त्यामुळे पेशंटला वाटतं ही बाई काहीच करत नाही. बरा झाला की म्हणतो, आपोआप बरं झालं.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला मी बहरीनला गेले आणि ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा परतले. आम्ही गुदैबियात एका किराणा दुकानाच्या वर राहत होतो. माझे यजमान इनास समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात स्टोअरकीपर होते. ते दिवस बांधकामाचे. सगळं बेट खणलं जात होतं आणि त्या खणण्यात मोडलेले हातपाय आमच्या डिपार्टमेंटला येत होते. वेल्डर, ड्रायव्हर, सुतार, मासेमार. अधूनमधून एखादा बँकेतला साहेब, मान आखडलेला.

नईम मोहल्ल्यातले एक म्हातारे नाखवा मला अजून आठवतात. मोत्यांच्या काळात गलबतं घेऊन मुंबईपर्यंत जाणारे, आता घरात बसून खांदा धरलेला. मी त्यांना भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले आणि त्यांनी व्यायाम करायला त्यांच्या ड्रायव्हरला उभं केलं! मी सांगून थकले. ड्रायव्हर बिचारा मन लावून रोज भिंत चढत होता आणि नाखवा मान डोलावत होते. शेवटी आमच्या मदतनीस उम्म खालिद पुढे झाल्या. या बहरीनीच, पन्नाशीच्या, जाडजूड, सगळ्या इस्पितळाला दटावणाऱ्या. मुंबईशी व्यापार करणाऱ्या घरातल्या, त्यामुळे हिंदी फडाफड. माझ्या बाजूने भांडायचं म्हणून मला कळेल अशा हिंदीत त्या म्हणाल्या, "बाबा, रोजा भी ड्रायवर ही रखता है क्या?" नाखवांनी भडकून हात उगारला, आणि महिनाभर न उठलेला तो हात थेट डोक्याच्या वर गेला. मी टाळ्या वाजवल्या. नाखवा हाताकडे बघत राहिले आणि पुढच्या आठवड्यापासून ड्रायव्हर गाडीतच बसू लागला.

पण ज्यांच्यामुळे मी माझं काम नव्याने शिकले ते पेशंट होते मिस्टर ओडेल.

ते पहिल्यांदा आले तेव्हा डाव्या हाताला मनगटापासून प्लास्टरची फळी बांधलेली होती आणि करंगळीच्या नखाला एक रबरबँड लावून तो मनगटाशी अडकवला होता. साठीचे, उंच, काळेसावळे, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट. उम्म खालिदना ते सुदानी वाटले, म्हणून त्यांनी अरबीत चौकशी सुरू केली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, "शुक्रन" म्हणाले, आणि मग मला इंग्रजीत म्हणाले, "यांना सांगा, मी अमेरिकेचा आहे. पण त्या ज्या प्रेमाने विचारतायत त्यावरून मला सुदानचाच असावंसं वाटतंय." आमचं पुढचं सगळं बोलणं इंग्रजीतच झालं; इथे ते मराठीत देते आहे.

केसपेपरवर पत्ता हॉटेलचा होता आणि हात टिनच्या डब्याच्या झाकणाने कापला होता. करंगळीच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, खोलवर. बोट वाकवणारी जी दोरी असते, जिला आम्ही टेंडन म्हणतो, ती पुरी तुटली होती. आमचे सर्जन डॉक्टर मन्सूर यांनी ती शिवली होती.

"हॉटेलात राहणाऱ्या माणसाने डबे कशाला फोडायचे?" मी पहिल्याच दिवशी खडसावलं.

"तुम्ही रोज हॉटेलचं खाऊन बघा," ते म्हणाले.

"आणि काम काय करता?"

"बास वाजवतो. डाव्या हाताने."

वाजवणारी माणसं मला नवी नव्हती. आमच्या वसईत बँडशिवाय लग्न होत नाही. पण हे वाद्य मी जवळून पाहिलं नव्हतं. व्हायोलिनचा पणजोबा म्हणा. माणसापेक्षा उंच, जमिनीवर खुंटीवर उभं राहणारं, त्याला मिठी मारून वाजवायचं. उजव्या हाताने जाडजूड तारा छेडायच्या आणि डाव्या हाताने त्या वर मानेशी दाबायच्या. मिस्टर ओडेल पियानो आणि ड्रमच्या साथीने रोज संध्याकाळी इनासच्याच हॉटेलात जॅझ वाजवत. जॅझ म्हणजे काय हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि आजही फारसं कळतं असं नाही.

शिवलेल्या टेंडनची गंमत अशी की त्याला हलवलं नाही तर तो आजूबाजूच्या व्रणाला चिकटून बसतो, आणि जोरात हलवला तर टाका तुटतो. म्हणून तो रबरबँड. बोट पेशंटने स्वतः उघडायचं, मिटायचं मात्र रबरबँडने. अशी तीन-चार आठवडे तारेवरची कसरत. मग फळी निघते आणि मेण सुरू होतं. कोमट पातळ मेणात हात बुडवून काढायचा, पुन्हा बुडवायचा, हातावर जाड मोजा चढतो, त्यावर टॉवेल गुंडाळायचा आणि गप्प बसायचं. त्या वेळात माणूस दुसरं काही करू शकत नाही, म्हणून बोलतो. मेणातल्या माणसांनी मला काय काय सांगितलंय ते लिहायला बसले तर कित्येक घरं मोडतील.

मिस्टर ओडेलनी मला त्यांचं आयुष्य असंच तुकड्यातुकड्याने सांगितलं. एका मोठ्या नदीकाठचं गाव, आई लोकांचे कपडे धुणारी. त्यांच्या चर्चमध्ये कुणाच्या तरी मागे राहिलेला एक बास होता आणि तो धरायला उंच मूल हवं होतं. "मला संगीत आवडत होतं म्हणून नव्हे हो, माझे हात पोचत होते म्हणून मला दिला." पुढे मोठ्या बँडबरोबर बसमधून गावोगाव. ज्या हॉटेलात वाजवायचं तिथं काळे म्हणून या लोकांना पुढच्या दाराने येऊ देत नसत. भटारखान्यातून आत जायचं, वाजवायचं आणि जेवायला बसमध्ये यायचं. काही रेकॉर्ड निघाल्या. पाकिटावर त्यांचं नाव सगळ्यांत खाली आणि तेही चुकीचं छापलेलं. "दोन रेकॉर्डवर दोन वेगळ्या चुका," ते हसत म्हणाले. मग तिकडे विजेची गिटार आली, बासचं काम आटलं, बायको गेली. जहाजावर वाजवलं, युरोपात वाजवलं, बैरुतच्या हॉटेलात बरीच वर्षं वाजवलं. तिथे लढाई पेटली तेव्हा बास भाजीच्या ट्रकमधून बाहेर काढला, कोबीच्या पोत्यांमध्ये आडवा घालून. तिथली बँकवाली मंडळी बहरीनला आली, हॉटेलं आली, त्यांच्यामागोमाग हेही आले.

"परत नाही जावंसं वाटत?" मी एकदा विचारलं.

"कुणाकडे?" ते म्हणाले.

ते अगदी सहज म्हणाले. मला मात्र त्या दिवशी घरी गेल्यावर स्वयंपाक सुचेना.

सातव्या-आठव्या आठवड्यात त्यांची मूठ पूर्ण वळली. करंगळीचं टोक तळव्याला टेकलं. हे सोपं नसतं. त्या जागी शिवलेल्या टेंडनचं बोट पुष्कळदा अर्ध्यात अडकतं. डॉक्टर मन्सूर खूश. माझी पाठ थोपटली, मीही जरा फुशारले. आमच्या डिपार्टमेंटचा सगळा हिशेब मुठीचा. वेल्डरला मूठ हवी, ड्रायव्हरला मूठ हवी, सुताराला हातोडा धरायला मूठ हवी. मूठ वळली की कामावर जा. उम्म खालिदनी हात झटकून सांगितलं, "खलास!"

मिस्टर ओडेल मात्र मुठीकडे परक्याच्या मुठीकडे बघावं तसे बघत होते. म्हणाले, "सिस्टर, मी आयुष्यात कुणाला ठोसा मारलेला नाही. ही घेऊन मी काय करू?"

मग त्यांनी हात उघडून दाखवला. चार बोटं उघडली. करंगळी अर्धवट वाकून राहिली, आकड्यासारखी.

त्याच संध्याकाळी इनास घरी येऊन म्हणाले, "ग्रेस, ऐक गो. तुझ्या त्या ओडेलचं काय खरं नाय. नवा मॅनेजर बोलतो, ईदच्या दुसऱ्या दिवशी वाजवून दाखव, नायतर तिकीट. मनिलाचा एक पोरगा तयार ठेवलाय, बासगिटारवाला." हॉटेलचं काँट्रॅक्ट गेलं म्हणजे व्हिसा गेला, खोली गेली, आणि ज्यांना 'कुणाकडे' असं विचारावं लागतं त्यांना विमानात बसवून द्यायचं.

एक गोष्ट मात्र मिस्टर ओडेलच्या पथ्यावर पडली. दोन दिवसांत रमजान लागत होता. रमजानात हॉटेलातलं गाणंबजावणं बंद, सगळा महिना. वाजवणाऱ्यांना बाकी वर्षभर जो महिना नकोसा वाटतो तोच आम्हांला उपयोगाचा ठरला, कारण महिनाभर त्यांना कुणी 'वाजवा' म्हणणार नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, "बास घेऊन या. तुम्ही हात कसा वापरता ते मला बघायचंय."

बास आला हॉटेलच्या लाँड्रीच्या गाडीतून, चादरींच्या गठ्ठ्यांवर निजून, शेजारी इनास. आमच्या मुख्य डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रोज्याचा महिना, आजूबाजूला रोजेदार पेशंट, आणि इस्पितळात वाद्य! पण माणूस दिलदार. म्हणाले, "ठेवा. एकही सूर निघाला तर मात्र वाद्य बाहेर आणि त्याच्याबरोबर तुम्हीही." उम्म खालिदनी काम नसेल तेव्हा बासवर काळी चादर टाकायची व्यवस्था केली. कोपऱ्यात तो असा उभा राहायचा की नवीन पेशंट त्याला अबाया घातलेली लठ्ठ बाई समजून सलाम करत.

पहिल्या दिवशी मिस्टर ओडेलनी चादर काढून वाद्य खांद्याशी टेकवलं आणि आवाज न करता, नुसत्या डाव्या हाताने, तारा दाबून दाखवल्या. मी स्टूल घेऊन जवळ बसले. तारा बोटाएवढ्या जाड नसल्या तरी दोरीसारख्या. दाबायला जोर लागतो, आणि दाबताना पंजा मिटलेला नसतो, तर फाकलेला असतो. मुठीचा इथे काडीचा उपयोग नव्हता. उलट इतके आठवडे मूठ मूठ करत मी करंगळीला वाकायचीच सवय लावली होती. डॉक्टरने सांगितलं तेच मी केलं होतं, सगळं जग तेच करत होतं. तरी मनात चरचरलं.

आणि मग मला एक गोष्ट दिसली. तर्जनी एक सूर दाबत होती, मधलं बोट दुसरा, आणि तिसऱ्या सुराला अनामिका आणि करंगळी दोन्ही एकदम खाली येत होत्या.

"थांबा," मी म्हटलं. "ही दोन एकत्र का?"

"बास असाच वाजवतात," ते म्हणाले. "करंगळी एकटी या तारांना पुरी पडत नाही. म्हणून तिच्या मागे शेजारचं बोट उभं राहतं. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

मी तिथल्या तिथे कपाट उघडून चिकटपट्टी काढली. कारण आमच्याही धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. दुबळं बोट शेजारच्या धडधाकट बोटाला बांधायचं, मग धडधाकट हललं की दुबळंही हलतं आणि हळूहळू शिकतं. एवढी वर्षं त्यांच्या धंद्याने आणि माझ्या धंद्याने एकमेकांना न विचारता तीच युक्ती वापरली होती. मी करंगळी अनामिकेला बांधली. त्यांनी पंजा तारेवर ठेवला, दाबला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले असतील, पण मी लगेच म्हटलं, "रडायला वेळ नाही, पुन्हा दाबा."

तो सगळा महिना आम्ही मुका बास वाजवला. रमजानात इस्पितळाची वेळ कमी होते, लोक सुकलेले असतात, बाहेर उन्हाळा पेटलेला. सकाळी आठला मिस्टर ओडेल हजर. मेण, मग व्रण चोळणं, मग करंगळी सरळ करायला लहानशी फळी, मग बास. उम्म खालिद उपाशी आहेत म्हणून ते त्यांच्यासमोर पाण्याचा घोटही घेत नसत. एक दिवस उम्म खालिदना ते कळलं. त्या दिवसापासून 'सुदानी' हे नाव त्यांच्या तोंडी लाडाचं झालं. एकदाच घोटाळा झाला. बाही अडकली आणि सगळ्यांत जाड तार वाजली. तो आवाज कानात नाही, पोटात घुमला. शेकत पडलेले पेशंट ताडकन उठून बसले. मिस्टर ओडेलनी तार मुठीत धरून टाकली. सगळे उम्म खालिदकडे बघू लागले. त्या म्हणाल्या, "आवाज अच्छा है. मगर ईद के बाद." मुख्य डॉक्टरांच्या कानावर काही गेलं नाही.

त्या महिन्यापासून मी नव्या पेशंटला पहिला प्रश्न विचारू लागले, "काम काय करता? करून दाखवा." सुतार आला तर रंधा आणायला लावायची, ड्रायव्हर आला तर स्टिअरिंग म्हणून थाळी धरून गिअर टाकायला लावायची. रमजानाच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीकडचे कासमभाई आले, शिंपी, मनामात छोटं दुकान. मशीनची सुई अंगठ्याच्या मुळात आरपार गेली होती, जखम भरून आली होती. त्यांना मी सुईदोरा आणायला सांगितला. त्यांनी आणला, पण हात काही गळ्यातल्या झोळीतून बाहेर काढेनात. "बाय, टाका तुटला तर? माज्या पोटावर पाय येल." रोज यायचे, झोळीत हात घालून बसायचे, आणि मिस्टर ओडेलचा मुका बास बघायचे.

मिस्टर ओडेलची ताकद भरत होती, पट्टी कधी बांधत कधी सोडत करंगळीही बरीच उघडली होती. एकच गोष्ट होत नव्हती. बासच्या मानेच्या अगदी वरच्या टोकाला खर्जातले सूर असतात आणि ते एकमेकांपासून लांब असतात. तिथे पंजा पुरा ताणावा लागतो आणि करंगळीला एकटीने पोचावं लागतं. ते लोक दर संध्याकाळी शेवटी एक संथ गाणं वाजवत. त्यात पियानो आणि ड्रम थांबतात आणि एकटा बास पायरी पायरीने खाली उतरत जातो. त्यातली एक पायरी त्या जागी होती. मिस्टर ओडेल रोज प्रयत्न करत. करंगळी तारेच्या अलीकडे जरा जाऊन थांबे.

"दुसरीकडून फिरून नाही का जाता येत?" मी विचारलं.

"जाता येतं. पण मग ते उतरणं नाही, उडी होते."

ईदच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इनासनी परवानगी काढून मला हॉटेलात नेलं. आम्ही भटारखान्याच्या दाराजवळच्या टेबलावर बसलो. मॅनेजर पुढे, हाताची घडी घालून. इतक्या शांत महिन्यानंतर हॉल गच्च भरला होता. मिस्टर ओडेलनी काळा सूट घातला होता, बोटांना बांधलेली पट्टी कातडीच्या रंगाची, कुणाला दिसू नये म्हणून मी मुद्दाम शोधून दिलेली. इनास मला म्हणाले, "गाणं ऐक गो, हात काय बघतीस?" पण मी हातच बघत होते. पहिलं गाणं, दुसरं गाणं. पंजा फाकत होता, मिटत होता, दोन्ही बोटं एकत्र खाली येत होती. मॅनेजरची घडी सुटली. बॉस्को नावाचा एक गोवेकर ड्रम वाजवत होता, तो एकदा माझ्याकडे बघून हसला, तेव्हा मला कळलं की आपण श्वास धरून बसलोय.

मग ते संथ गाणं आलं. पियानो थांबला, ड्रम थांबला. बास एकटा उतरू लागला. मला ती पायरी आवाजावरून नव्हे, हाताच्या जागेवरून कळत होती. हात वर मानेशी आला. मी इनासचं मनगट घट्ट धरलं. करंगळीने प्रयत्नसुद्धा केला नाही. मिस्टर ओडेलनी डोळे मिटले, आणि तो सूर त्यांच्या गळ्यातून आला. घोगरा, जड, हुंकारासारखा. लगेच पुढची पायरी बोटांनी उचलली आणि बास तळाला पोचला.

लोकांना वाटलं ही त्यांची लकब. टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅनेजरही टाळ्या वाजवत होता. त्या हॉलमध्ये ती एक पायरी रिकामी होती हे बॉस्कोला माहीत होतं, पियानोवाल्याला माहीत होतं आणि मला. मी रडत होते. आनंद झाला होता म्हणून रडत होते, आणि तेवढी एक पायरी माझ्याच्याने झाली नाही म्हणूनही रडत होते. इनासनी खिशातून रुमाल काढून दिला.

काँट्रॅक्ट पुढे चालू राहिलं. त्यानंतर मिस्टर ओडेल बहरीनला आणखी काही वर्षं होते. मग हॉटेलने बँडच बंद केला तेव्हा ते गेले; कुठे गेले ते मला कळलं नाही. मीही शोधलं नाही, आणि याची मला आता खंत वाटते.

पण मला सांगायचंय ते त्या ईदनंतरच्या शनिवारचं. तिकडे शनिवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस. डॉक्टर मन्सूरनी मिस्टर ओडेलचं कार्ड बंद केलं होतं. करंगळी जेवढी उघडायची तेवढी उघडली होती, आणखी काही होणार नव्हतं. मी आठला डिपार्टमेंटचं दार उघडलं तर ते बाहेर बाकावर बसलेले, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हॅट.

आत घेऊन बसवलं. खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच बोलले. "मिस्टर ओडेल, तुमचं कार्ड बंद झालंय. मी जे करू शकत होते ते झालं. तो सूर आता बोटात येणार नाही."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "ईदच्या आधीपासूनच माहीत होतं."

"मग आलात कशाला?"

त्यांनी मेणाच्या भांड्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "इतके दिवस रोज सकाळी आठला मी इथे येतोय. आज उठलो, दाढी केली, हॅट घातली. मग दुसरीकडे कुठे जायचं ते कळेना."

एरवी मी म्हटलं असतं, हे इस्पितळ आहे, क्लब नाही. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यांच्या मागे कासमभाई येऊन बसले होते, हात नेहमीसारखा झोळीत, समोर सुईदोरा तसाच. मी म्हटलं, "आलात ना, मग बसा इथे. यांच्या शेजारी." मिस्टर ओडेल निमूटपणे कासमभाईंच्या टेबलाशी जाऊन बसले.

हॉटेलातल्या वाजवण्याची बातमी कासमभाईंपर्यंत पोचली होती; त्यांनी मिस्टर ओडेलकडे बघून मान लववली. मग मला विचारलं, "बाय, ह्या सायबाचा बोट बरा झाला काय?"

'झालं हो' म्हणणं सोपं होतं. धीर द्यायला आम्ही रोजच म्हणतो.

"नाही," मी म्हटलं. "पुरतं नाही झालं."

"मग हाटेलात वाजिवलान् कसा?"

मी तो प्रश्न इंग्रजीत मिस्टर ओडेलना सांगितला. मग त्यांनी डावा पंजा टेबलावर उलटा टेकवून उघडला, जेवढा उघडत होता तेवढा. चार बोटं सरळ, करंगळी वाकलेली.

"यांना सांगा," ते म्हणाले, "जेवढं उघडतं तेवढ्याने मी सुरुवात केली. उरलेलं काय करायचं ते वाजवता वाजवता सुचलं."

मी सांगितलं. कासमभाईंनी बराच वेळ त्या वाकड्या करंगळीकडे पाहिलं. मग त्यांनी गळ्यातली झोळी स्वतःच सोडली आणि आपला दुखरा पंजा त्या पंजाशेजारी टेबलावर ठेवला.